रास्पबेरी पायला स्क्रीन जोडताना: डिस्प्ले ड्रायव्हरविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्क्रीन लागत नाही म्हटलं की नेटवरून चार ओळी उचलायच्या, कॉन्फिग फाइलमध्ये चिकटवायच्या, आणि नाही जमलं तर आणखी चार शोधायच्या, असा शिरस्ताच पडला आहे. त्यातल्या बऱ्याच ओळी आजचा ड्रायव्हर वाचतसुद्धा नाही. बिघाड नेमका कुठे आहे हे आधी ठरवलं तर बहुतेक वेळा एकच ओळ बदलावी लागते, म्हणून खालच्या उत्तरांमध्ये शोधण्यावर भर दिला आहे.

उत्तरं बुकवर्म (ऑक्टोबर २०२३) किंवा त्यानंतरची रास्पबेरी पाय ओएस धरून लिहिली आहेत. फाइली, सेटिंग आणि कमांड यांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लिपीत टाकायची. मुख्य फाइली दोन, कॉन्फिग.टीएक्सटी आणि सीएमडीलाइन.टीएक्सटी. दोन्ही आता ‘/बूट/फर्मवेअर’ या फोल्डरमध्ये असतात. जुन्या लेखांत नुसतं ‘/बूट’ दिसेल. तिथली फाइल बदलून काही होणार नाही.

केएमएस म्हणजे काय? जुन्या ड्रायव्हरपेक्षा त्यात वेगळं काय आहे?

केएमएस म्हणजे कर्नल मोड सेटिंग: स्क्रीनचा मोड (रिझोल्यूशन आणि सेकंदाला किती फ्रेम) कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, स्वतः लावणं. आधी तसं नव्हतं. २०१२ साली पहिला रास्पबेरी पाय आला तेव्हा स्क्रीनचा सगळा कारभार व्हिडिओकोर नावाच्या ग्राफिक्स प्रोसेसरवर चालणाऱ्या फर्मवेअरकडे होता. मॉनिटर कोणता, रिझोल्यूशन किती, पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवण्याचा वेग) काय, हे सगळं फर्मवेअर ठरवायचं आणि लिनक्सच्या हातात फक्त मेमरीचा एक तुकडा द्यायचं: यात चित्र लिही, बाकीचं आम्ही बघतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये चिप बनवणाऱ्या ब्रॉडकॉमने व्हिडिओकोर ४ च्या थ्रीडी भागाची कागदपत्रं खुली केली, त्यानंतर व्हीसी४ हा खुला ड्रायव्हर घडत गेला आणि जानेवारी २०१६ च्या ४.४ कर्नलपासून तो मुख्य लिनक्समध्ये आहे.

मधल्या काळात ‘फेक केएमएस’ नावाची एक तडजोड होती. वरून लिनक्सला केएमएस दिसायचं, खाली काम फर्मवेअरच करायचं. नोव्हेंबर २०२१ च्या बुल्सआय या ओएसपासून पूर्ण केएमएस हाच मूळ ड्रायव्हर झाला. पाय ५ वर तर दुसरा पर्यायच नाही.

केएमएसमध्ये लिनक्स कर्नल स्वतः मॉनिटरशी बोलतो, मोड निवडतो, क्लॉक लावतो. त्याची साखळी लक्षात ठेवा, पुढे प्रत्येक उत्तरात ती लागणार आहे. फ्रेमबफर म्हणजे मेमरीतलं चित्र. प्लेन म्हणजे ते चित्र स्क्रीनवर कुठे आणि केवढं दिसेल ते सांगणारा थर. सीआरटीसी सगळे प्लेन एकत्र करून ओळीमागून ओळ पिक्सेल बाहेर ढकलतो. एन्कोडर त्या पिक्सेलना एचडीएमआय, डीएसआय (पट्टीच्या केबलने लागणारी स्क्रीन) किंवा डीपीआय (समांतर तारांचं पॅनेल) यांच्या भाषेत घालतो, आणि कनेक्टर म्हणजे ज्याला केबल लागते तो शेवट.

माझ्या बोर्डवर कोणता ड्रायव्हर चालू आहे, हे कसं कळेल?

कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये ‘डीटीओव्हरले=व्हीसी४-केएमएस-व्ही३डी’ ही ओळ असेल तर पूर्ण केएमएस मागितलेलं आहे. ‘केएमएस’च्या जागी ‘एफकेएमएस’ असेल तर फेक केएमएस. पण मागणं आणि मिळणं वेगळं, म्हणून ‘केएमएसप्रिंट’ ही कमांड चालवा (केएमएस++-युटिल्स या पॅकेजमध्ये मिळते). कोणते कनेक्टर आहेत, कशाला स्क्रीन लागली आहे, कोणता मोड चालू आहे, एवढं सगळं ती एका पडद्यात दाखवते. डेस्कटॉप नसला तरी चालते, एसएसएचवरून, म्हणजे नेटवर्कमधून दुसऱ्या कॉम्प्युटरवरूनही चालते.

यादीत ‘राइटबॅक-१’ नावाचा कनेक्टर दिसला तर दचकू नका. तयार झालेलं चित्र परत मेमरीत लिहिण्याची ती सोय आहे, त्याला कुठलीही केबल नसते. ‘टीव्हीसर्व्हिस’ ही जुनी कमांड मात्र विसरा, ती फर्मवेअरला विचारते आणि केएमएसमध्ये फर्मवेअरला स्क्रीनबद्दल काहीच माहीत नसतं.

‘एचडीएमआय_ग्रुप’ आणि ‘एचडीएमआय_मोड’ टाकूनही रिझोल्यूशन बदलत नाही. का?

कारण त्या ओळी फर्मवेअरसाठी होत्या. ‘एचडीएमआय_सीव्हीटी’, ‘एचडीएमआय_टायमिंग्ज’, ‘डिस्प्ले_रोटेट’ यांचीही तीच गत. मूळ कॉन्फिग फाइलमध्ये ‘डिसेबल_एफडब्ल्यू_केएमएस_सेटअप=१’ ही ओळ असते, म्हणजे फर्मवेअरने आपली मोडची निवड कर्नलला सांगायचीच नाही.

मोड आता सीएमडीलाइन.टीएक्सटीमध्ये द्यायचा: ‘व्हिडिओ=’, त्यापुढे कनेक्टरचं नाव (पहिल्या एचडीएमआयचं ‘एचडीएमआय-ए-१’), कोलन (:), मग ‘१९२०एक्स१०८०एम@६०डी’ असं. शेवटची अक्षरं फार महत्त्वाची. कॅपिटल ‘एम’ म्हणजे टायमिंग सीव्हीटी या ठरलेल्या सूत्राने काढ. लहान ‘एम’ म्हणजे कडेला समास सोड. कॅपिटल ‘डी’ म्हणजे स्क्रीन सापडो न सापडो, डिजिटल आउटपुट चालूच ठेव. लहान ‘डी’ म्हणजे हा कनेक्टर बंद कर. चालू करायला गेलेल्या माणसाने एका लहान अक्षराने स्क्रीन कायमची बंद करून ठेवल्याची उदाहरणं नवशिक्यांमध्ये नेहमी दिसतात.

ही फाइल एकाच ओळीची असते. नवी ओळ सुरू करून खाली ‘व्हिडिओ=’ लिहिलंत तर ते वाचलं जाणार नाही; आधीच्या मजकुरानंतर एक जागा सोडून पुढे लिहायचं. बूट झाल्यावर ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’ उघडून पाहा, कर्नलला खरोखर काय मिळालं ते तिथे दिसतं.

कॉन्फिग.टीएक्सटीमधल्या काही ओळी आजही लागतात. पाय ४ वर ४के ६० हर्ट्झ हवं असेल तर ‘एचडीएमआय_इनेबल_४केपी६०=१’ तिथेच टाकावं लागतं, आणि तेही यूएसबी-सीच्या शेजारच्या एचडीएमआय पोर्टवरच मिळतं. ओव्हरले, म्हणजे जोडलेल्या हार्डवेअरचं वर्णन कर्नलला देणाऱ्या छोट्या फाइली, तर सगळे तिथेच.

ओव्हरलेची ओळ बरोबर आहे, तरी तिचा काही परिणाम दिसत नाही.

तीन गोष्टी पाहा.

पहिली, ओळ कुठल्या कंसाखाली आहे. कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये चौकोनी कंसात ‘पीआय४’, ‘सीएम४’, ‘ऑल’ अशी शीर्षकं असतात आणि शीर्षकाखालच्या ओळी फक्त त्याच बोर्डला लागू होतात. फाइलच्या तळाशी ओळ चिकटवली आणि तिथे ‘सीएम४’चा विभाग चालू असला, तर साध्या पाय ४ ला ती दिसणारच नाही. शंका असेल तर वर ‘ऑल’ लिहून मग आपली ओळ टाका.

दुसरी, ओळीची लांबी. या फाइलमधल्या ओळीची पहिली ९८ अक्षरंच वाचली जातात, उरलेली गुपचूप गळतात, कुठे इशारा मिळत नाही. डीपीआय पॅनेलची टायमिंग एका ओळीत कोंबली की शेवटचे दोनतीन आकडे हमखास जातात. ओव्हरलेच्या ओळीत थोडे पॅरामीटर द्यावेत आणि बाकीचे लगेच खालच्या ओळींवर ‘डीटीपॅरम=’ लावून द्यावेत.

तिसरी, ओव्हरले किंवा पॅरामीटर लोड होताना चूक झाली का. फर्मवेअरचा लॉग ‘व्हीसीलॉग’ला ‘-एम’ जोडून वाचता येतो. पॅरामीटरचं स्पेलिंग चुकलं असेल तर त्याची तक्रार तिथे असते.

स्क्रीन पूर्ण काळी आहे. सुरुवात कुठून करू?

कॉन्फिग फाइलपासून करू नका. आधी बोर्ड बूट झालाय का ते पाहा: हिरवा दिवा लुकलुकतोय का, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएच होतं का. एसएसएच होत असेल तर अर्धं काम झालं, कारण आता आत जाऊन बघता येतं.

मग ‘/सिस/क्लास/डीआरएम’मध्ये आपल्या कनेक्टरचं फोल्डर शोधा आणि त्यातली ‘स्टेटस’ फाइल वाचा. ‘डिस्कनेक्टेड’ असेल तर प्रश्न केबल, पोर्ट किंवा मॉनिटरच्या बाजूचा आहे. पाय ४ आणि पाय ५ वर दोन मायक्रो एचडीएमआय पोर्ट असतात. एकच मॉनिटर असेल तर यूएसबी-सीच्या लगतचा वापरा. ‘कनेक्टेड’ असेल पण ‘मोड्स’ फाइल रिकामी असेल, तर मॉनिटरने स्वतःची ओळख दिली नाही किंवा चुकीची दिली. पुढचा प्रश्न वाचा. मोड आहेत, ‘केएमएसप्रिंट’मध्ये सीआरटीसी चालू दिसतो, तरी काळंच आहे, तर लिनक्सच्या हिशोबाने चित्र बाहेर पडतंय. मग बॅकलाइट, टायमिंग आणि वायरिंग यांच्याकडे वळा.

डीएसआय, डीपीआय किंवा एसपीआय (एका तारेवरून बिट घेणारं छोटं) पॅनेल असेल तर एक सोपी तपासणी आहे. खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पॅनेलवर तिरका धरा. लॉगिनची अक्षरं किंवा डेस्कटॉपची आउटलाइन पुसट दिसली, तर चित्र पोचलेलं आहे आणि फक्त बॅकलाइट बंद आहे. अशा वेळी टायमिंगला हात लावायचा नाही. ‘/सिस/क्लास/बॅकलाइट’ पाहा: तिथे काहीच नसेल तर ओव्हरलेमध्ये बॅकलाइटची जीपीआयओ (बोर्डच्या हेडरवरची, हवी तशी वापरता येणारी) पिन सांगायची राहिली आहे, असेल तर ‘ब्राइटनेस’मध्ये आकडा शून्य आहे का आणि ‘बीएल_पॉवर’मध्ये शून्याशिवाय दुसरं काही आहे का ते बघा. शेवटच्या फाइलमध्ये शून्य म्हणजे चालू, याने पुष्कळ जण गोंधळतात.

मॉनिटरची ओळख मिळत नाही किंवा चुकीची मिळते. ड्रायव्हरला ती हाताने देता येते का?

येते. प्रत्येक मॉनिटरमध्ये ईडीआयडी नावाचा १२८ बाइटचा एक ठोकळा असतो, कधी त्याला जोडून आणखी ठोकळे. त्यात मॉनिटरला चालणारे मोड लिहिलेले असतात आणि एचडीएमआय केबलमधल्याच आय२सी तारांवरून ड्रायव्हर तो वाचतो. लांब केबल, स्वस्त स्प्लिटर किंवा स्विच मध्ये आला की हे वाचन बिनसतं. ठोकळ्यातल्या सगळ्या बाइटची बेरीज २५६ ने निःशेष भागली गेली पाहिजे. नाही गेली तर कर्नल तो नाकारतो आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या लॉगमध्ये, तसं लिहितो.

मॉनिटर थेट चांगल्या केबलने जोडा, कनेक्टरच्या फोल्डरमधली ‘ईडीआयडी’ फाइल कॉपी करा आणि ‘/लिब/फर्मवेअर/ईडीआयडी’मध्ये एखाद्या नावाने ठेवा. मग सीएमडीलाइन.टीएक्सटीमध्ये ‘डीआरएम.ईडीआयडी_फर्मवेअर=’ लिहून कनेक्टरचं नाव, कोलन (:) आणि फाइलचा मार्ग द्या. सोबत ‘व्हिडिओ=’ मध्ये कॅपिटल ‘डी’ ठेवा, म्हणजे मॉनिटर नंतर चालू झाला तरी आउटपुट तयार असेल. ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमधून (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइल सिस्टीममधून) लोड होत असेल तर ही फाइल त्यातही जायला हवी, नाहीतर ड्रायव्हर जागा होतो तेव्हा ती सापडत नाही.

दुकानातल्या किंवा स्टँडवरच्या माहितीफलकाला, जिथे वीज गेली-आली की टीव्ही आणि पाय कोणत्याही क्रमाने उठतात, तिथे हे आधीच करून ठेवावं असं माझं ठाम मत आहे.

माझ्याकडे सुटं ७ इंची ८००×४८० पॅनेल आहे. डीपीआयवर टायमिंगचे आकडे कुठून आणायचे?

डेटाशीटमधून, आणि फक्त तिथूनच. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घेतलेल्या सुट्या पॅनेलसोबत कागद मिळत नाही, पण पॅनेलच्या पाठीवर किंवा फ्लेक्स पट्टीवर नंबर छापलेला असतो. त्या नंबरावरून डेटाशीट शोधा. ‘सात इंची सगळे सारखेच’ असं समजून दुसऱ्याचे आकडे घेऊ नका.

डीपीआय म्हणजे पॅनेलला समांतर तारांनी रंग पाठवायची पद्धत. ओव्हरलेचं नाव ‘व्हीसी४-केएमएस-डीपीआय-जेनेरिक’. त्याला आडवे चार आकडे लागतात: दिसणारे पिक्सेल, फ्रंट पोर्च, सिंक, बॅक पोर्च. सिंक म्हणजे नवी ओळ सुरू होते ही खूण, पोर्च म्हणजे तिच्या आधीची आणि नंतरची रिकामी जागा. उभेही तसेच चार. शिवाय पिक्सेल क्लॉक.

आता एक खरा हिशोब. या आकाराच्या बऱ्याच पॅनेलच्या डेटाशीटमध्ये असं लिहिलेलं असतं: एका आडव्या ओळीची एकूण लांबी १०५६ क्लॉक, दिसणारे ८००, फ्रंट पोर्च २१०, ब्लँकिंग ४६, सिंकची रुंदी १ ते ४०. बेरीज करून बघा: ८०० + २१० + ४६ = १०५६. म्हणजे सिंकची रुंदी त्या ४६ मध्येच धरलेली आहे. लिनक्सला मात्र सिंक आणि बॅक पोर्च वेगवेगळे हवे असतात. सिंक २० घेतलात तर बॅक पोर्च २६ द्यायचा, ४६ नव्हे. उभ्या दिशेलाही तेच: ४८० + २२ + २३ = ५२५, आणि त्या २३ मध्ये सिंक आहेच; सिंक १० घेतला तर बॅक पोर्च १३.

क्लॉक ३३.३ मेगाहर्ट्झ. १०५६ × ५२५ = ५,५४,४००. तेहतीस दशलक्ष तीन लाखांना त्याने भागलं की सेकंदाला ६०.०६ फ्रेम येतात. हा आकडा साठच्या आसपास आला म्हणजे तुमची बेरीज जुळली.

बॅक पोर्च चुकून ४६ दिला तर काय होईल? ओळ १०७६ क्लॉकची होईल, वेग ५९ च्या किंचित खाली जाईल, आणि सिंकवर चालणाऱ्या पॅनेलवर चित्र उजवीकडे २० पिक्सेल सरकेल: डावीकडे काळी पट्टी, उजवीकडचा भाग कापलेला. हेच पॅनेल डीई (डेटा इनेबल) मोडमध्ये असेल तर चूक दिसणारच नाही, कारण तिथे चित्र कुठून सुरू करायचं हे डीईची तार सांगते. म्हणून दोनपैकी पर्याय असेल तर मी डीई मोड निवडतो.

पिन किती जातात त्याचा हिशोब वायरिंग करण्याआधीच मांडा. क्लॉक, डीई आणि दोन सिंक जीपीआयओ ० ते ३ वर, आणि २४ बिट रंग घेतलात तर ४ ते २७ सगळ्या रंगाला. हेडरवर एकही जीपीआयओ शिल्लक राहत नाही, टचसाठी लागणारं आय२सी (जीपीआयओ २ आणि ३) सुद्धा नाही. १८ किंवा १६ बिट रंग पुरत असेल तर काही पिन सुटतात आणि त्यांवर ‘आय२सी-जीपीआयओ’ ओव्हरलेने टच चालवता येतो. मशीनच्या पॅनेलवर आकडे आणि बटणंच दाखवायची असतील तर १८ बिट पुष्कळ झाले.

चित्र येतं, पण रंग उलटे आहेत, कडा चमचमतात किंवा चित्र हलतं.

लाल आणि निळा अदलाबदल झाले असतील तर बीजीआर आणि आरजीबी यांतला योग्य प्रकार निवडा. रंगांत टप्पे दिसत असतील, म्हणजे निळ्या आकाशात पट्टे पडत असतील, तर तारा एका पद्धतीने जोडल्यात आणि ओव्हरलेला दुसरी सांगितली आहे. ‘पॅडहाय’ असलेला आणि नसलेला प्रकार हेच ठरवतो. अक्षरांच्या उभ्या कडांवर एकेक पिक्सेल लुकलुकत असेल तर पॅनेल क्लॉकच्या चुकीच्या कडेवर डेटा उचलतंय, ‘पिक्सक्लॉक-इन्व्हर्ट’ देऊन पाहा. पूर्ण चित्र थरथरत असेल तर आधी पॉवर सप्लाय तपासा आणि मगच टायमिंग.

एका वेळी एकच पॅरामीटर बदला. दोन बदलले आणि सुधारलं, तर कशाने सुधारलं ते कळत नाही.

अधिकृत ७ इंची टचस्क्रीनसाठी काही करावं लागतं का?

सहसा नाही. कॉन्फिगमध्ये ‘डिस्प्ले_ऑटो_डिटेक्ट=१’ असतं, त्याने २०१५ चा मूळ ८००×४८० डिस्प्ले आपोआप ओळखला जातो. ओव्हरले हाताने द्यायचा असेल तर ‘व्हीसी४-केएमएस-डीएसआय-७इंच’. पाय ५ चं डीएसआय कनेक्टर लहान, २२ पिनचं आहे, त्यामुळे जुनी केबल बसत नाही, वेगळी लागते. पट्टी लावताना किंवा काढताना वीज बंद ठेवा.

छोटा एसपीआय डिस्प्ले फार हळू चालतो. ड्रायव्हर बदलून वेग वाढेल का?

थोडा. पण मर्यादा तारेची आहे, ती आधी समजून घ्या.

आयएलआय९३४१ हा सर्वांत जास्त दिसणारा कंट्रोलर, २४०×३२० पिक्सेल, प्रत्येकी १६ बिट. एका पूर्ण फ्रेमचे १२,२८,८०० बिट झाले आणि ते एकाच तारेवरून एकामागून एक जातात. एसपीआयचा वेग ३२ मेगाहर्ट्झ ठेवला तर सेकंदाला जास्तीत जास्त २६ फ्रेम. डेटाशीट तर लिहिण्यासाठी १० मेगाहर्ट्झच मान्य करते, तिथे ८ फ्रेम होतात. प्रत्यक्षात हे डिस्प्ले त्याहून बरेच जास्त वेगाने चालतात, पण लांब जंपर वायर असल्या की रंगीत ठिपके येऊ लागतात. ३.५ इंची ४८०×३२० डिस्प्लेला दुप्पट बिट लागतात. १६ मेगाहर्ट्झवर तो सेकंदाला जेमतेम साडेसहा फ्रेम देतो. त्यावर व्हिडिओ चालणार नाही, कितीही ड्रायव्हर बदलले तरी. तापमान, वेळ, रांगेचा क्रमांक दाखवायला तो उत्तम आहे, कारण नवा ड्रायव्हर फक्त बदललेला भाग पाठवतो.

नवा म्हणजे कोणता? जुन्या लेखांत एफबीटीएफटी सापडेल, तो कर्नलच्या स्टेजिंग (अजून कच्च्या ड्रायव्हरांच्या) विभागात आहे. त्याच्या जागी आता डीआरएम या कर्नलच्या ग्राफिक्स विभागातले ड्रायव्हर आहेत. ‘एमआयपीआय-डीबीआय-एसपीआय’ हा ओव्हरले घ्या, त्यात रुंदी, उंची, वेग, रिसेट आणि डीसी (कमांड की डेटा ते सांगणारी) पिन सांगा. कंट्रोलर सुरू करायच्या कमांड एका वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ‘/लिब/फर्मवेअर’मध्ये ठेवायच्या असतात. नवं पॅनेल आलं तर ती फाइल बदलायची, कर्नल पुन्हा कंपाइल करावा लागत नाही. ही मोठी सोय आहे.

‘एफबीसीपी’ने एचडीएमआयचं चित्र एसपीआयवर उतरवायची युक्ती पूर्ण केएमएसमध्ये चालत नाही, कारण ती डिस्पमॅनेक्स या फर्मवेअरच्या जुन्या डिस्प्ले सोयीवर उभी होती. डिस्प्लेसोबत एखादी ‘एक कमांड चालवा आणि झालं’ अशी स्क्रिप्ट मिळाली तर चालवण्याआधी उघडून वाचा. अशा कित्येक स्क्रिप्ट कॉन्फिग.टीएक्सटी आणि सीएमडीलाइन.टीएक्सटी अख्ख्या बदलतात आणि जुन्या ड्रायव्हरवर नेऊन ठेवतात. मग एचडीएमआय का बंद झालं हे शोधत बसावं लागतं. दोन्ही फाइलींची प्रत आधी काढून ठेवा.

स्क्रीन उभी लावली आहे. चित्र फिरलं, पण टच उलटा चालतो.

चित्र आणि टच ही दोन स्वतंत्र उपकरणं आहेत, एकाला फिरवल्याने दुसरं फिरेलच असं नाही. बूटच्या वेळची अक्षरं फिरवायची तर ‘व्हिडिओ=’च्या शेवटी स्वल्पविराम देऊन ‘रोटेट=९०’ लिहा. डेस्कटॉप वेलँडवर असेल तर त्याची दिशा स्क्रीन कॉन्फिगरेशन या मेन्यूतून किंवा ‘डब्ल्यूएलआर-रँडआर’ने बदला. व्हीसी४चं हार्डवेअर चित्र आरशासारखं उलटवू शकतं आणि १८० अंशांत फिरवू शकतं. ९० अंश मात्र त्याला जमत नाही, ते काम डेस्कटॉपचा कंपोझिटर (सगळ्या खिडक्या एकत्र करून चित्र बनवणारा भाग) करतो. म्हणून ९० अंशांत छोट्या बोर्डवर थोडा जास्त भार पडतो.

टचसाठी ओव्हरलेमध्ये ‘इन्व्हएक्स’, ‘इन्व्हवाय’, ‘स्वॅपएक्सवाय’ हे पॅरामीटर असतात. ते नसतील तर यूडेव्ह नियमात ‘लिबइनपुट_कॅलिब्रेशन_मॅट्रिक्स’ द्या. चार कोपऱ्यांना क्रमाने बोट लावून कर्सर कुठे जातो ते कागदावर लिहा, कोणता अक्ष उलटलाय ते लगेच दिसतं.

थ्रीडी किंवा ब्राउझर फार मंद आहे. ‘जीपीयू_मेम’ वाढवू का?

नको. केएमएसमध्ये थ्रीडी ड्रायव्हर लिनक्सच्याच मेमरीतून जागा घेतो, ‘जीपीयू_मेम’ वाढवलं की ती मेमरी लिनक्सकडून जाते आणि मिळत काहीच नाही.

‘जीएलएक्सइन्फो -बी’ चालवून रेंडररचं नाव पाहा. पाय ४ वर ‘व्ही३डी ४.२’, पाय ५ वर ‘व्ही३डी ७.१’ दिसायला हवं. ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर सगळं चित्र सीपीयू काढतोय: एकतर व्ही३डीचा ओव्हरले नाही, किंवा तुमचा युजर ‘व्हिडिओ’ आणि ‘रेंडर’ या गटांत नाही.

डीमेसेजमध्ये सीएमएची (सलग मेमरीच्या राखीव जागेची) तक्रार दिसली तर गोष्ट वेगळी. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर स्क्रीनवर जाणारा फ्रेमबफर मेमरीत सलग असावा लागतो. १९२०×१०८० चा एक फ्रेमबफर सुमारे ८३ लाख बाइटचा, ४के असेल तर त्याच्या चौपट, आणि असे दोनतीन एका वेळी लागतात. मुख्य ओव्हरलेच्या ओळीत स्वल्पविराम देऊन ‘सीएमए-’ आणि त्यापुढे आत्तापेक्षा मोठा आकडा लिहिला की राखीव जागा वाढते.

क्यूटी ॲप्लिकेशन कधी चालतं, कधी ‘स्क्रीन सापडत नाही’ म्हणतं.

पाय ४ पासून थ्रीडीचं आणि डिस्प्लेचं उपकरण वेगळं आहे, म्हणून ‘/डेव्ह/डीआरआय’मध्ये ‘कार्ड०’ आणि ‘कार्ड१’ अशी दोन नावं दिसतात. कोणाला कोणता नंबर मिळेल हे बूटच्या वेळी कोण आधी उठतो त्यावर ठरतं. थ्रीडीच्या कार्डला कनेक्टरच नसतो. ॲप्लिकेशनने ते उघडलं की स्क्रीन कुठून सापडणार? पाय ५ वर डीएसआय आणि डीपीआय आरपी१ या वेगळ्या चिपवर आहेत, तिथे ती पॅनेल लावली की आणखी एक कार्ड वाढतं.

क्यूटीच्या ईजीएलएफएसला (डेस्कटॉपशिवाय थेट स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या भागाला) ‘क्यूटी_क्यूपीए_ईजीएलएफएस_केएमएस_कॉन्फिग’ या व्हेरिएबलने एक जेसन फाइल देता येते. त्यात ‘डिव्हाइस’ म्हणून ‘कार्ड१’ लिहू नका, ‘/डेव्ह/डीआरआय/बाय-पाथ’मधला मार्ग लिहा. तो हार्डवेअरवरून ठरतो, बूटच्या क्रमावरून नाही.

स्क्रीनवर मराठी मजकूर नीट दिसत नाही. हा ड्रायव्हरचा दोष आहे का?

नाही. ड्रायव्हरला फक्त पिक्सेल कळतात. काळ्या कन्सोलवर मराठी लिहिलंत तर चौकोन येतील, कारण लिनक्स कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं बसतात आणि अक्षरं जोडण्याची, वेलांटी मागे नेण्याची सोय त्यात नाही. तिथे देवनागरी फॉन्ट घालायच्या खटपटीत वेळ घालवू नका.

हार्फबझ (अक्षरं जोडून योग्य रूपात मांडणारी लायब्ररी) वापरणारं काहीतरी घ्या: क्यूटी, जीटीके, किंवा किऑस्क मोडमधला ब्राउझर. ‘फॉन्ट्स-नोटो-कोर’ हे पॅकेज टाकलं की नोटो सान्स देवनागरी मिळतो. तपासायला ‘क्षितिज’, ‘दुर्गा’, ‘ऱ्हास’ आणि ‘तुमच्या’ हे शब्द लिहून पाहा. रफार, ऱ्ह आणि पहिली वेलांटी जागेवर असतील तर शेपिंग चालू आहे.

लहान पॅनेलवर ओळीची उंची इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावी लागते, कारण शिरोरेघेच्या वर मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरं असतात. २४०×३२० च्या पडद्यावर मी १८ पिक्सेलच्या खाली मराठी फॉन्ट लावत नाही. त्याखाली अनुस्वार शिरोरेघेत मिसळतो आणि लांबून ‘गाव’ आणि ‘गावं’ यांत फरक राहत नाही. १६ बिट रंगाच्या पॅनेलवर काळ्यावर पांढरी किंवा पिवळी अक्षरं ठेवा आणि फॉन्टचं सबपिक्सेल स्मूदिंग बंद करून साधं ग्रेस्केल ठेवा. पडदा ९० अंशांत फिरवलेला असेल तर सबपिक्सेलच्या लाल-निळ्या कडा वर-खाली जातात आणि नेमक्या मात्रांवरच येतात.